वायू ओळखणारी चमकती फिल्म आणि हवा गाळणारे तंतू: दोन्ही एकत्र कसे बसवायचे

चमकणाऱ्या पॉलिमरबद्दल वाचताना एक दावा हमखास भेटतो: हाच पदार्थ हवेतला विषारी वायू ओळखतो आणि हाच तो गाळूनही टाकतो. दावा खोटा नाही, पण त्यात एक पेच आहे. फिल्टरचे काम धरून ठेवण्याचे. पकडलेला रेणू पुन्हा हवेत सुटता कामा नये. सेन्सरचे काम नेमके उलटे. हवेतले प्रमाण वाढले की त्याने रेणू घ्यावा, घटले की सोडावा. नाहीतर सकाळचे माप तो संध्याकाळपर्यंत दाखवत बसेल. एकाच रेणूकडून ही दोन्ही कामे करून घ्यायला गेलात तर बहुधा दोन्ही अर्धवट होतात. म्हणून इथे सुचवलेली रचना थरांची आहे. गाळणारा थर वेगळा, ओळखणारा वेगळा, आणि त्यांचा क्रम आधी ठरवलेला.

हे काम रसायनशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेत होण्यासारखे आहे. मात्र टोल्युइन व डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) ही घातक द्रावके आणि उच्च विद्युतदाब हाताळावा लागतो. फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफ बाहेर खेचणारे कपाट, नसेल तर लेख वाचा, प्रयोग करू नका.

पायरी १: नेमके काय ओळखायचे ते लिहून काढा

सुरुवातीलाच एक गैरसमज बाजूला सारू. चमकती फिल्म धूळ मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांसाठी, घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम अशी वार्षिक सरासरीची मार्गदर्शक पातळी दिली. ती तपासायची तर कणांचे वजन करावे लागते किंवा कणांनी विखुरलेला प्रकाश मोजावा लागतो. फिल्म ओळखते ते रेणू: ऑक्सिजन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड, काही स्फोटकांची वाफ.

कागदावर तीन उत्तरे हवीत. वायू कोणता? प्रमाण टक्क्यांत आहे की दशलक्षांश भागांत? आणि माप सतत हवे आहे, की ‘मर्यादा ओलांडली’ एवढा एकच इशारा पुरे? तिसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एकदाच इशारा हवा असेल तर वायूशी पक्का बंध जुळवणारा डाय (फिल्ममध्ये मिसळलेला चमकणारा रंगरेणू) चालतो, उलट तोच बरा. सतत माप हवे असेल तर असा डाय निरुपयोगी.

पायरी २: चमक कशी बदलणार ते निवडा

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू परत खाली येताना प्रकाश सोडतो. प्रतिदीप्तीत हे काही नॅनोसेकंदांत उरकते. स्फुरदीप्तीत मायक्रोसेकंदांपासून सेकंदांपर्यंत वेळ लागतो. या मधल्या वेळात दुसरा एखादा रेणू येऊन धडकला आणि त्याने ती ऊर्जा घेतली, तर चमक विझते. म्हणून ऑक्सिजनसाठी दीर्घकाळ उत्तेजित राहणारे डाय वापरतात: जितका जास्त वेळ, तितकी धडकेची शक्यता जास्त. ऑटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी १९१९ मध्ये विझण्याचे हे गणित मांडले, आणि आजही कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात प्रमाणांशी वाचन जुळवणे, त्याच सूत्रावर होते.

विझणे मोजण्यात एक कटकट आहे. एलईडी मंद झाला, काचेवर धूळ बसली किंवा डायचा रंग उडाला, तरी चमक कमीच दिसते. यातून सुटण्याचे दोन मार्ग. पहिला, दोन तरंगलांब्यांवर मापे घेऊन त्यांचे गुणोत्तर काढणे. दुसरा, चमकेच्या तीव्रतेऐवजी तिचा क्षयकाल, म्हणजे ती विझत जायला लागणारा वेळ, मोजणे. माझे मत स्पष्ट आहे: फक्त तीव्रतेवर चालणारा सेन्सर प्रात्यक्षिकापुरता ठीक, भिंतीवर लावून महिनोन्‌महिने चालवायला नाही.

संयुग्मित पॉलिमरांचा मार्ग वेगळा. त्यांच्यात डाय मिसळावा लागत नाही, साखळी स्वतःच चमकते. उत्तेजनाची ऊर्जा साखळीवरून सरकत जाते, त्यामुळे वाटेत कुठेही एक विझवणारा रेणू चिकटला तरी पुष्कळ घटकांची चमक जाते. टिमोथी स्वेगर यांच्या गटाने १९९८ मध्ये याच तत्त्वावर टीएनटी या स्फोटकाची वाफ ओळखणारी फिल्म दाखवली. साखळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तिच्या रचनेत अवजड, ताठर गट बसवले होते; त्यामुळेच वाफेला आत शिरायला पोकळ्याही मिळाल्या. हे पॉलिमर बनवणे मात्र नवशिक्याचे काम नाही. आपण डाय मिसळलेल्या साध्या पॉलिमरपासून सुरुवात करू.

पायरी ३: डाय आणि पॉलिमरची जोडी

सरावासाठी ऑक्सिजनचीच फिल्म घ्या. ती उलटसुलट चालते, आणि कॅलिब्रेशनचा एक बिंदू, म्हणजे साधी हवा, आयता मिळतो. डाय म्हणून प्लॅटिनमचे फ्लोरिनयुक्त पॉर्फिरिन (मध्यभागी धातूचा अणू धरणारा कड्यासारखा रेणू) उत्तम. ते जांभळ्या प्रकाशात सुमारे ३९५ नॅनोमीटरला आणि हिरव्या प्रकाशात ५०८ व ५४१ नॅनोमीटरच्या आसपास शोषते, तर चमकते ६५० नॅनोमीटरला, गडद लाल. शोषण आणि चमक यांत एवढे अंतर असल्याने दोन्ही प्रकाश वेगळे करणे सोपे जाते. ऑक्सिजन नसताना त्याचा क्षयकाल सुमारे ६० मायक्रोसेकंद असतो. अगदी कमी ऑक्सिजन मोजायचा असेल तर पॅलेडियमचे भावंड घ्या. त्याचा क्षयकाल मिलिसेकंदाच्या घरात जातो आणि संवेदनशीलता त्याच मानाने वाढते.

पॉलिमर हा नुसता आधार नाही. ऑक्सिजनला तो किती सहज आत येऊ देतो यावर मापाचा पल्ला ठरतो. सिलिकोन रबर फार पारगम्य, पॉलिस्टायरीन बेताचे. हवेतल्या २१ टक्क्यांच्या आसपास मोजायचे असेल तर या डायसोबत पॉलिस्टायरीन चांगले जुळते. सिलिकोनमध्ये तोच डाय हवेत जवळजवळ विझलेलाच राहील.

डाय जास्त घातला म्हणजे चमक जास्त, हा हिशेब फसवा आहे. रेणू फार जवळ आले की एकमेकांचीच चमक विझवतात. पायरीनच्या द्रावणांत हा परिणाम फोर्स्टर यांनी १९५४ मध्ये नोंदवला होता. याच्या अगदी उलट, एकत्र आल्यावरच चमकणारे रेणू बेन झोंग टांग यांच्या गटाने २००१ मध्ये पुढे आणले; घन फिल्ममध्ये आणि तंतूंत ते फार सोयीचे ठरतात. आपल्या पॉर्फिरिनला मात्र जुनाच नियम लागू. पॉलिमरच्या वजनाच्या १ टक्क्यापासून सुरुवात करा.

पायरी ४: फिल्म ओतणे

१०० मिलिग्रॅम पॉलिस्टायरीन १.९ ग्रॅम टोल्युइनमध्ये झाकण लावून पूर्ण विरघळू द्या. त्यात १ मिलिग्रॅम डाय घाला आणि बाटलीला फॉइल गुंडाळून ढवळा. तळाशी एकही कण दिसता कामा नये. दिसला तर गाळून घ्या.

काचपट्टी आधी साबणाच्या पाण्याने, मग इथेनॉलने पुसून कोरडी करा. द्रावण ओतून पसरण-पात्याने सारखे ओढा. ओला थर १०० मायक्रोमीटर पडला तर सुकल्यावर साधारण ४ मायक्रोमीटर उरतो, कारण द्रावणात पॉलिमरचा घनफळातला वाटा जेमतेम ४ टक्के असतो. प्रत्यक्षात पात्याखालच्या फटीच्या मानाने पडणारा थर बराच पातळ असतो, म्हणून सुकलेली जाडी मोजूनच नोंदवा. जाडीला जपायचे कारण असे, की वायू आत मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केलीत तर प्रतिसाद चौपट मंद होतो.

रात्रभर अंधारात झाकून सुकवा, मग ६० अंश सेल्सिअसला काही तास ठेवा. ही दुसरी पायरी गाळू नका. अडकून राहिलेले टोल्युइन पॉलिमरला मऊ करते, ऑक्सिजन जास्त आत शिरतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत द्रावक उडत जाईल तसे कॅलिब्रेशन सरकत राहते.

याच वेळी डाय न घातलेली एक कोरी फिल्मही बनवा.

पायरी ५: प्रकाशाची मांडणी

लागणारे सामान थोडकेच आहे: सुमारे ३९५ नॅनोमीटरचा एलईडी, फोटोडायोड आणि दोन रंगफिल्टर. एलईडीपुढे त्याची लाल शेपटी छाटणारा फिल्टर हवा, फोटोडायोडपुढे ६३० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश आत सोडणारा. एलईडी जांभळा दिसतो म्हणून त्यात लाल अजिबात नाही असे समजू नका. पहिल्या फिल्टरवाचून तुम्ही बहुधा एलईडीच मोजत बसाल.

पार्श्वभूमी तपासणे हे कंटाळवाणे पण वाचवणारे काम. अतिनील टॉर्च घेऊन अंधारात पूर्ण मांडणीवर फिरवा. पांढरा कागद, कापड, चिकटपट्टी, कधी कधी हातमोजेसुद्धा निळे उजळतात, कारण त्यांत पांढरेपणा वाढवणारी रसायने असतात. जे चमकते ते मांडणीतून हलवा किंवा काळे करा. मग कोरी फिल्म लावून आकडा घ्या आणि पुढच्या प्रत्येक मापातून तो वजा करा. टॉर्च वापरताना डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा हवाच.

क्षयकाल मोजायचा असेल तर एलईडी ठरावीक वारंवारतेने कमीजास्त करा आणि चमक किती मागे पडते तो कोन मोजा. ६० मायक्रोसेकंदांच्या क्षयकालाला हा कोन सुमारे २.७ किलोहर्ट्झला ४५ अंश येतो. ही वारंवारता साध्या मायक्रोकंट्रोलरच्या आवाक्यातली आहे. नॅनोसेकंदांत विझणाऱ्या डायसाठी हेच करायला महागडी उपकरणे लागतात. प्लॅटिनम पॉर्फिरिन निवडण्याचे हे न सांगितलेले कारण.

पायरी ६: कॅलिब्रेशन

सूत्र असे: ऑक्सिजन नसतानाची चमक भागिले ऑक्सिजन असतानाची चमक, बरोबर १ अधिक स्थिरांक गुणिले ऑक्सिजनचे प्रमाण. समजा शुद्ध नायट्रोजनमध्ये वाचन ९०० आले आणि हवेत ३००. गुणोत्तर ३, म्हणून स्थिरांक २ भागिले २०.९, म्हणजे टक्क्यामागे ०.०९५७. आता अज्ञात नमुन्यात वाचन ३६० आले तर गुणोत्तर २.५, आणि ऑक्सिजन १.५ भागिले ०.०९५७, सुमारे १५.७ टक्के.

दोन बिंदूंवर थांबू नका. नायट्रोजन आणि हवा यांच्या मिश्रणाने निदान पाच प्रमाणे तयार करा, आधी चढत्या आणि मग उतरत्या क्रमाने मोजा. नायट्रोजन बंद खोलीत सोडू नका. तो वासाने कळत नाही आणि गुदमरवतो. आलेख सरळ रेषेत न येता वर जाताना खाली वाकलेला दिसला तर घाबरू नका. पॉलिमरमध्ये डायचे सगळे रेणू सारख्या जागी बसलेले नसतात, काहींपर्यंत ऑक्सिजन सहज पोचतो, काहींपर्यंत नाही. अशा वेळी दोन वेगवेगळे स्थिरांक धरणारे समीकरण बसवतात.

फिल्मला टक्केवारी कळत नाही, तिला कळतो ऑक्सिजनचा आंशिक दाब. कोरड्या हवेत ऑक्सिजन २०.९५ टक्के असतो, पण ३० अंशांना बाष्पाने पूर्ण भरलेल्या हवेत तो सुमारे २०.१ टक्क्यांवर येतो. उंचीवर हवेचा दाब घटला की वाचनही तसे बदलते. त्यामुळे तापमान, आर्द्रता आणि दाब या तिघांची नोंद प्रत्येक मापासोबत हवी, आणि कॅलिब्रेशन निदान दोन तापमानांना करावे. तापमान वाढले की क्षयकाल आपोआप कमी होतो आणि ऑक्सिजन जास्त वेगाने फिरतो. दोन्हींमुळे चमक एकाच दिशेने, खाली जाते.

पायरी ७: अमोनियाची फिल्म

आता गाळण्याशी थेट जोडलेला वायू घेऊ. पायरॅनिन हा हिरवा चमकणारा डाय आम्ल-अल्कलीला प्रतिसाद देतो. त्याचे आम्लरूप सुमारे ४०५ नॅनोमीटरला शोषते, अल्करूप ४५५ नॅनोमीटरला, आणि चमक ५१५ नॅनोमीटरच्या आसपास येते. दोन एलईडी आळीपाळीने लावून गुणोत्तर घेतले की पायरी २ मधला तीव्रतेचा प्रश्न बराच मिटतो.

पायरॅनिन पाण्यात विरघळतो, म्हणजे दमट हवेत फिल्ममधून निसटण्याची भीती. त्यासाठी लांब साखळीच्या चतुर्थक अमोनियम क्षाराशी त्याची आयन-जोडी बनवून ती इथाइल सेल्युलोजमध्ये घालतात. जोडी बनवताना जादा अल्कली टाकू नका. तसे केल्यास हीच फिल्म कार्बन डायऑक्साइडची होते. त्या वायूचे सेन्सर याच युक्तीने बनतात. अल्कली न टाकताही दमट हवेतल्या कोणत्याही आम्लधर्मी वायूचा थोडाफार परिणाम राहतोच, आणि अमाइनांना, म्हणजे अमोनियासारख्याच अल्कधर्मी संयुगांना, ही फिल्म अमोनियाच समजते. अहवालात ‘अमोनिया’ न लिहिता ‘अल्कधर्मी वाफ’ लिहिणे जास्त प्रामाणिक.

पायरी ८: तंतू कातणे

गाळणाऱ्या थरासाठी इलेक्ट्रोस्पिनिंग, म्हणजे उच्च विद्युतदाबाने द्रावणातून बारीक तंतू ओढणे. तंत्र जुने आहे. आंटोन फॉर्महाल्स यांचे पेटंट १९३४ चे. पॉलिअॅक्रिलोनायट्राइलचे ८ ते १० टक्के द्रावण डीएमएफमध्ये करा, सिरिंज पंपाने तासाला ०.५ ते १ मिलिलिटर सोडा, सुईला सुमारे १५ किलोव्होल्ट द्या आणि १५ सेंटिमीटरवर जमिनीशी जोडलेला संग्राहक ठेवा. संग्राहकावर जाडसर न विणलेले कापड लावले तर तंतूंना आधार मिळतो. साधारण २०० ते ५०० नॅनोमीटर जाडीचे तंतू मिळायला हवेत.

सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांची माळ दिसली तर द्रावण पातळ आहे, टक्केवारी वाढवा. थेंब टपकत असतील तर प्रवाह कमी करा. सुईच्या टोकाशी घट्ट गोळा बसत असेल तर द्रावण फार दाट आहे किंवा हवेचा झोत लागतो आहे. डीएमएफ त्वचेतून शरीरात जाते आणि प्रजननाला घातक आहे, म्हणून सगळे काम फ्यूम हूडमध्ये, योग्य हातमोजे घालून करा. दरवाजा उघडताच विद्युतदाब तोडणारा स्विच बसवल्याशिवाय यंत्र चालू करू नका. नुसता हात बसवायचा असेल तर पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्या, पण त्याचे तंतू बंध जोडून पक्के केल्याशिवाय ओलाव्यात टिकत नाहीत.

तंतूंमध्येच डाय घालावा का? प्रतिसाद खूप जलद हवा असेल तेव्हा घालावा. तंतूंचे पृष्ठफळ अफाट असते. पण आधी गळती तपासा. तुकडा पाण्यात आणि दुसरा इथेनॉलमध्ये दिवसभर बुडवून ठेवा आणि द्रवावर अतिनील टॉर्च मारा. द्रव चमकला तर तो डाय उद्या गाळलेल्या हवेच्या वाटेवर असेल.

पायरी ९: गाळणीची परीक्षा

फिल्टर म्हणजे चाळणी नव्हे. मोठे कण तंतूंवर आदळतात किंवा घासून अडकतात, अगदी बारीक कण वेडेवाकडे भरकटत तंतूंना चिकटतात. दोन्ही वाटा जिथे कमकुवत पडतात तिथले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोमीटरचे कण सर्वांत जास्त निसटतात. हेपा फिल्टरची ०.३ मायक्रोमीटरला ९९.९७ टक्के ही प्रसिद्ध अट याच कारणाने आली. स्वस्त धूळ-सेन्सरना ०.३ च्या खालचे कण सहसा दिसतच नाहीत, तेव्हा त्यांच्या भरवशावर ‘९९ टक्के’ छापू नका.

१०० चौरस सेंटिमीटर पडद्यातून मिनिटाला ३२ लिटर हवा सोडली तर वेग सेकंदाला ५.३ सेंटिमीटर येतो. फिल्टर-कापडाच्या चाचण्यांत हा वेग नेहमी दिसतो. पडद्याच्या आधीची व नंतरची कणसंख्या आणि दाबातली घट, दोन्ही मोजा. मग गुणांक काढा: निसटलेल्या अंशाचा नैसर्गिक लॉगरिदम, चिन्ह उलटून, भागिले दाबातली घट. ९९ टक्के अडवणारा, १०० पास्कल घट देणारा पडदा ०.०४६ मिळवतो. त्याचीच दुहेरी घडी केली तर ९९.९९ टक्के आणि २०० पास्कल, पण गुणांक तोच, ०.०४६. म्हणजे पदार्थ सुधारला नाही, फक्त जाड झाला. ९५ टक्केच अडवणारा पण ४० पास्कल घट असलेला पडदा मात्र ०.०७५ मिळवतो. गुणांकाच्या तराजूत हाच उजवा. बारीक तंतूंचा एक फायदा इथे दिसतो: हवेच्या रेणूचा दोन धडकांमधला सरासरी प्रवास सुमारे ६६ नॅनोमीटर असतो, आणि तंतूची जाडी त्या मापाकडे झुकू लागली की हवा तंतूवरून घसरत जाते व दाब कमी लागतो.

ताज्या कातलेल्या तंतूंवर विद्युतभार उरलेला असतो आणि तो कण ओढतो. आकडे त्यामुळे सुरुवातीला देखणे येतात, पुढे घसरतात. आयसो १६८९० मानकात फिल्टर आधी आयसोप्रोपॅनॉलच्या वाफेत ठेवून भार काढायची तरतूद याचसाठी आहे. तुम्हीही भार काढण्याआधी आणि नंतर, दोन्ही आकडे द्या.

पायरी १०: थर लावणे

हवेच्या दिशेने क्रम असा: जाड कापड, तंतूंचा पडदा, मग अमोनियासाठी फॉस्फोरिक आम्ल मुरवलेला सक्रिय कोळसा, कोळशाची भुकटी अडवणारे पातळ कापड, आणि सर्वांत शेवटी, स्वच्छ हवेच्या बाजूला, पायरॅनिन फिल्मचा सेंटिमीटरभर तुकडा. फिल्म हवेच्या वाटेत आडवी लावू नका, कडेने लावा. तिथे तिच्यावर धूळ बसत नाही आणि दाबही वाढत नाही. कोळसा भरत आला की अमोनिया पलीकडे झिरपतो आणि गुणोत्तर बदलते. फिल्टर बदलायची वेळ तारखेने न ठरता रसायनाने ठरते. तसाच दुसरा तुकडा कोळशाच्या आधी लावला तर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेतला फरक थेट मिळतो, आणि आर्द्रतेचा दोघांवरचा समान परिणामही पुष्कळसा वजा होतो.

हा पडदा तोंडावर बांधायचा नाही. सुटे तंतू, उरलेला द्रावक आणि न तपासलेली कडेची गळती या तिन्ही गोष्टी श्वासाशी खेळणाऱ्या आहेत.

पायरी ११: आयुष्य आणि विल्हेवाट

एलईडी सतत चालू ठेवू नका. मिनिटाला एक छोटा झोत पुरतो आणि डायचे आयुष्य त्या प्रमाणात वाढते. ऑक्सिजनच्या फिल्ममध्ये तर विझण्याच्या प्रत्येक घटनेतून सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप, तयार होऊ शकतो, आणि तो डाय व पॉलिमर दोघांनाही खातो. फ्लोरिनयुक्त पॉर्फिरिन निवडण्यामागे त्याची टिकाऊ प्रकृती हे मोठे कारण आहे. एकाच वेळी बनवलेल्या दोन फिल्म ठेवा: एक कामावर, एक अंधारात बंद डब्यात. महिन्याकाठी दोन्ही एकाच हवेत शेजारी ठेवून मोजल्या की प्रकाशाने झालेली झीज वेगळी दिसते.

टोल्युइन आणि डीएमएफचे उरलेले द्रव सेंद्रिय द्रावकांच्या बाटलीत जमा करा, बेसिनमध्ये नाही. प्लॅटिनम किंवा पॅलेडियम असलेल्या फिल्म, त्या पुसलेले कागद आणि सिरिंज धातूयुक्त कचरा म्हणून वेगळ्या डब्यात टाका. वापरलेल्या कोळशाच्या डब्यावर आम्ल आणि अमोनिया या दोघांचाही उल्लेख असलेली चिठ्ठी लावा, म्हणजे कचरा उचलणारा त्यात अल्कली ओतणार नाही.